प्रकल्प नोंदी: गणपतीत शेवटच्या रात्रीपर्यंत आवाज टिकवणे

२८ मे २०२५

वर्कशॉपमध्ये मोटरी रिवाइंड करायला येतात त्यांची वही ठेवतो तशीच ही वही. काम काय, तर माझा घसा.

मागच्या वर्षी गणपतीत तिसऱ्या रात्रीच आवाज गेला. पुढच्या रात्री मी नुसती झांज वाजवत बसलो आणि नंतर दिवाळीपर्यंत फोनवर लोक विचारायचे कोण बोलतंय. डॉक्टरांनी नाकातून दुर्बीण घालून बघितलं, स्वरतंतू सुजलेत म्हणाले, गाठी अजून धरल्या नाहीयेत पण असंच ओरडत राहिलात तर धरतील, आणि एक वाक्य असं टाकलं की ते डोक्यातून जाईना: गाणं बंद करू नका, गायला शिका. मी चाळिशी ओलांडलेला माणूस, वाडीच्या भजन मंडळात शाळेपासून गातोय, मला काय शिकायचं आता, असं वाटलं होतं. पण शेवटी मालवणात जुन्या वाचनालयाच्या माडीवर जो संगीत वर्ग चालतो तिथे जाऊन चौकशी केली. पोरांचे ग्रुप असतात, तबल्याचे आणि गाण्याचे. मोठ्यांसाठी वैयक्तिक तास. मंगळवार आणि शुक्रवार संध्याकाळी साडेसहा, पाऊण तास.

यंदा चतुर्थी २७ ऑगस्टला. आणि कॅलेंडर नीट बघितलं तर गौरी यंदा उशिरा, ३१ तारखेला येतात, विसर्जन २ सप्टेंबर. म्हणजे गौरी-गणपती सातव्या दिवशी जाणार. पाच दिवसांचा हिशोब धरला होता, दोन रात्री जास्तीच्या निघाल्या.

पाऊस तर आलाच आहे. मे महिन्यातच. आंबा अजून झाडावर आणि मान्सून दारात.

३ जून, मंगळवार

पहिला तास. शिकवणाऱ्या बाई शाळेत संगीत शिकवून रिटायर झालेल्या. मला वाटलं होतं सारेगमपासून सुरू करतील. त्यांनी विचारलं, तुम्ही कुठल्या पट्टीत गाता? म्हटलं काळी तीन, म्हणजे पेटीची तिसरी काळी पट्टी सा धरून. आमचं मंडळ काळी तीनलाच गातं, पहिल्यापासून. बाई म्हणाल्या मंडळाचं नाही विचारलं, तुमची पट्टी कुठली?

हे मला कोणी कधी विचारलंच नव्हतं.

मग त्यांनी पेटीवर एक एक स्वर खाली नेत मला नुसता "आ" लावायला लावला आणि खाली कुठपर्यंत जातो, वर कुठे मान ताठ होते ते बघितलं. खाली मंद्र पंचमापर्यंत, म्हणजे खालच्या सप्तकातल्या प पर्यंत, धड आवाज येतो, त्याच्याखाली नुसता वारा. वर तार गंधार, म्हणजे वरच्या सप्तकातला ग, स्वच्छ, पुढच्या मध्यमाला ढकलावं लागतं. निकाल: काळी एक. पुरुषांची नेहमीचीच पट्टी, त्यात लाजण्यासारखं काही नाही असं बाईंनी आपणहून सांगितलं, म्हणजे माझ्या चेहऱ्यावर दिसलं असणार.

घरी येऊन आकडे मांडले. काळी एकचा सा म्हणजे साधारण १३८.६ हर्ट्झ, काळी तीनचा १८५. मंडळाचा सा म्हणजे माझा मध्यम. भजनात गजर तार गंधारापर्यंत चढतो, तो माझ्या हिशोबात तार धैवत होतो. जिथे माझं मध्यमालाच ढकलणं सुरू होतं तिथे मी वर्षानुवर्षं धैवत ओरडतोय. मोटर ओव्हरलोडवर चालवली की वाइंडिंग जळतं, मग गिऱ्हाईक कंपनीला शिव्या घालतं. इथे कंपनी मीच.

६ जून

बाईंची स्वतःची पट्टी काळी चार. मी काळी एक. मला प्रश्न पडला की त्या गाऊन दाखवणार कशा. त्यावर त्या हसल्या, काळी एकचा पंचम कुठला? मोजला. काळी चार! म्हणजे माझा प तोच त्यांचा सा. एकाच तानपुऱ्यावर दोघांचं भागतं, त्या त्यांच्या सा वरून दाखवतात, मी माझ्यावरून घेतो. पहिले दोन-तीन तास डोकं पार फिरतं कारण कानाला ऐकू येतं एक आणि गळ्याने काढायचं दुसऱ्याच जागेवरून, पण बाई म्हणतात पुरुष विद्यार्थी आणि बाई गुरू असले की पिढ्यान्‌पिढ्या असंच चालतंय.

घरून करायचं: पहाटे खर्ज, म्हणजे खालच्या स्वरांचा रियाज. मंद्र पंचमापासून सा पर्यंत, एक श्वास एक स्वर, जोर न लावता. बाकी काही नाही. गाणं म्हणायचंच नाही सध्या.

१३ जून

आज गाणं कमी आणि रिपेअरिंग जास्त.

वर्गात तानपुरे दोन आहेत, एक बायकांच्या पट्टीचा आणि एक मोठा, पुरुषांचा. वर्गात पोरीच जास्त त्यामुळे मोठा तानपुरा गवसणीत घालून कपाटाच्या मागे उभा, तारांना गंज. नेहमी इलेक्ट्रॉनिक डब्यावर काम चालतं, पण पावसात लाईट कधी जाईल नेम नाही आणि डब्याच्या बॅटरीनेही मान टाकलेली. बाई म्हणाल्या तुम्ही हाताने काम करणारे आहात, बघा जमतं का.

मिरजेचा आहे, आत चिठ्ठी चिकटवलेली. मिरजेच्या सतार-तानपुऱ्यांना २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं ते पेपरात वाचलं होतं, पण हातात पहिल्यांदाच घेतला. एवढा मोठा भोपळा आणि वजन बघावं तर काहीच नाही. चार तारा: पहिली मंद्र पंचम, मधल्या दोन जोडीच्या म्हणजे सा, आणि चौथी खर्जाची, म्हणजे खालच्या सा ची, पितळी, जाड. मिरजेहून तारा मागवल्या होत्या त्या चढवल्या. खुंट्या दमट हवेत फुगून बसलेल्या, खडू लावून लावून फिरवल्या. अंदाजे सूर खुंटीने, बारीक सूर खालच्या मण्याने. एवढं माझ्या आवाक्यातलं.

त्यानंतर बाईंनी जवारी लावली, ते मात्र बघण्यासारखं. घोडीवर प्रत्येक तारेखाली सुती दोऱ्याचा तुकडा असतो, तो केसभर पुढे-मागे सरकवायचा. एका ठिकाणी तार नुसती टण्ण वाजते, मेलेली. किंचित सरकवला की अख्खी तार उघडते आणि आवाज थांबतच नाही. घोडी सपाट नसते, किंचित उतार असतो, तार कंप पावताना त्या उताराला घासत राहते म्हणून त्यातून वरचे सगळे स्वर फुटतात. मी तासाभराने निघालो तेव्हा पुढच्या विद्यार्थिनीची आई दारात उभी होती, उशीर झाला म्हणून वैतागलेली, पण तीही ऐकत होती.

२० जून

गंधार दिसला. म्हणजे ऐकू आला.

गेले काही तास भूप चाललाय. सा रे ग प ध, म आणि नी नाहीतच, वादी म्हणजे मुख्य स्वर गंधार, संध्याकाळनंतरचा राग. बंदिश अजून नाही, नुसते "आ" वर स्वर. माझा ग बाईंना पसंत पडत नव्हता. चढा आहे, चढा आहे. मी म्हटलं अहो पेटीशी जुळतोय, मोबाईलवरचा ट्यूनरही हिरवा दाखवतोय. त्यावर बाईंनी पेटी बंद करून बाजूला ढकलली आणि सांगितलं, डोळे मिटा, खर्जाची तार ऐका, खर्ज ऐकू नका, त्याच्या वर काय वाजतंय ते ऐका.

पाच-सात मिनिटं काही नाही. आणि मग एकदम, तारेतून कोणीतरी बारीक आवाजात ग म्हणतंय! कोणी छेडला नाही, कुठल्या तारेत लावला नाही, तरी आहे. स्वयंभू गंधार म्हणतात याला. एकदा ऐकू आला की मग तो जातच नाही, घरी येताना एसटीत खिडकीच्या काचेच्या थरथरीत पण शोधत बसलो.

रात्री हिशोब केला. खर्ज ६९.३ हर्ट्झ. त्याची पाचवी पट ३४६.५, तोच हा गंधार. माझ्या सप्तकात खाली आणला तर १७३.२. पेटीचा गंधार मात्र १७४.६. पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग पाडलेले असतात, त्यामुळे कुठल्याही पट्टीत वाजवा चालतं, पण गंधार १४ सेंट चढा राहतो. एक सेंट म्हणजे पेटीच्या दोन शेजारच्या स्वरांमधल्या अंतराचा शंभरावा भाग. दोन्ही एकत्र वाजले तर सेकंदाला दीडेक वेळा आवाज हेलकावतो. तो हेलकावा मी आयुष्यभर "भरलेला सूर" समजत होतो.

बाईंनी याच ओघात सांगितलं की १९४० साली आकाशवाणीवर पेटीला बंदी आली होती आणि ती सत्तरच्या दशकात सैल व्हायला लागली. कारणं बरीच होती पण हे एक होतंच, की पेटीला मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, येत नाही आणि श्रुती, म्हणजे स्वरांमधल्या बारीक जागा, बसत नाहीत. डॉ. विद्याधर ओकांनी नंतर २२ श्रुतींची पेटी काढली ती याच दुखण्यावर. बाईंचा पेटीवर राग नाहीये, हे सांगायला हवं. त्यांचं म्हणणं इतकंच की शिकताना पेटीच्या मागे लपायचं नाही. मला हे पटलं. मंडळात मात्र बोलायची सोय नाही, आमचा बाळा पेटीवर बसतो आणि त्याला हे सांगितलं तर दोन महिने बोलणार नाही.

१ जुलै

आजची नोंद माझ्या धंद्यातली.

वर्गात मंद्र पंचम लावला की माझा सूर किंचित खाली घसरतो, गेले दोन आठवडे. घरी पहाटे होत नाही, वर्गातच होतं. बाई म्हणतात लक्ष नाही तुमचं. आज तास चालू असताना लाईट गेली, पंखे बंद, आणि काय आश्चर्य, पंचम जिथल्या तिथे बसला! मी खिडकीत गेलो. बाहेर रस्त्याच्या कडेला ट्रान्सफॉर्मर.

आपली लाईन ५० हर्ट्झ, ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो त्याच्या दुप्पट, १००. माझा मंद्र पंचम १०३.८. म्हणजे बाहेर एक भलामोठा डबा चोवीस तास पांढरी पाच आणि काळी चारच्या मधोमध कुठलातरी बेवारस सूर धरून बसलाय आणि माझा गळा इमानदारीत त्याच्याकडे ओढला जातोय. बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, मी कधीची म्हणतेय बाहेर काहीतरी बेसूर आहे!

त्या बाजूची खिडकी बंद, बसायची जागा आतल्या भिंतीकडे. प्रश्न सुटला. या वहीतलं आत्तापर्यंतचं सगळ्यात स्वस्त काम.

६ जुलै, आषाढी एकादशी

देवळात मंडळाचं भजन. मुद्दाम टेस्ट म्हणून गेलो.

सुरुवातीचं नमन, रूपाचा अभंग इथपर्यंत ठीक. श्वास पोटातून घेत होतो, जबडा सैल. मग गौळण, मग गजर, दाजींचा पखवाज चढला, झांजा दोन्ही बाजूंनी, आणि मी किती ठरवलं होतं तरी काय झालं ते कळायच्या आत ओरडायला लागलो. घरी येईपर्यंत घसा खरखरीत.

हे नुसतं माझं होत नाही. आजूबाजूला गोंगाट वाढला की माणूस नकळत आवाज वाढवतो, याला लोंबार्ड इफेक्ट म्हणतात, १९११ मध्ये लोंबार्ड नावाच्या फ्रेंच डॉक्टरने दाखवलं. स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येईनासा झाला की मेंदू गळ्याला सांगतो अजून दे. ठरवून थांबवणं जवळजवळ अशक्य. जुने बुवा गाताना कानावर हात धरतात ना, त्याचा फोटोत रुबाब दिसतो म्हणून धरतात असं मला वाटायचं, पण खरं काम हे आहे, स्वतःचा आवाज हाताने कानात परत आणायचा. मीही शेवटच्या गजरात धरून बघितला. फरक पडतो. पण मग झांज कोण वाजवणार.

पट्टीचा विषय बुवांजवळ, म्हणजे मंडळाच्या मुख्य गायकाजवळ, काढला. प्रसादाचा शिरा खात होते, मूड चांगला होता, म्हणून. म्हटलं बुवा, यंदा गणपतीत घरोघरी फिरताना पेटी जरा खाली घेऊया का, काळी दोन वगैरे.

"पेटी खाली घेवन काय अंगाई गातलंस?"

म्हटलं आवाज जातो सगळ्यांचाच, नुसता माझा नाही.

"गेलो तर जावंदे. गणपती वर्षातून एकदाच येता. काळी तीन म्हणजे काळी तीन."

वर शेजारच्या काकांनी टाकलंच, खय शिकतंस गाणा, बायमाणसाकडे? मग बायमाणसाचीच पट्टी गावतली. मी त्यांना सांगणार होतो की बाईंची काळी चार आहे, आपल्या मंडळापेक्षा दोन स्वर वर, पण तोंडात शिरा होता.

१० जुलै

गुरुपौर्णिमा. वर्गात छोटा कार्यक्रम, पोरांनी सरगम गीतं म्हटली. माझ्याआधी आठ वर्षांची एक मुलगी दुर्गा गाऊन गेली, तालात चुकली नाही कुठे. मी भूपाचे आलाप, चार-पाच मिनिटं. टाळ्या माझ्या वयाला पडल्या असाव्यात.

२२ जुलै

पावसाचा जोर इतका की दोन तास बुडाले. घरी सुरू आहे.

नवीन प्रकार: स्ट्रॉ. ग्लासात अर्धं पाणी, त्यात स्ट्रॉ, आणि स्ट्रॉतून बुडबुडे काढत "ऊ" चा सूर खालून वर, वरून खाली. अमेरिकेतले इंगो टिट्झ म्हणून आवाजाचे शास्त्रज्ञ आहेत त्यांनी हा व्यायाम पुढे आणला. तोंडाशी अडथळा असला की आतला दाब थोडा परत स्वरतंतूंकडे येतो, ते एकमेकांवर जोरात आपटत नाहीत, कमी कष्टात कंप पावतात. डॉक्टरांनी सांगितलं होतं तेव्हा मी मनावर घेतलं नव्हतं, आता रोज रात्री. बाईंना करून दाखवलं, त्या म्हणाल्या हा काय हुक्का? मग स्वतः करून बघितला आणि म्हणाल्या आमच्या वेळी ओंकार करून घ्यायचे, मिटल्या ओठांनी, तेच की हे.

घरचे वैतागलेत. पहाटे खर्ज, रात्री बुडबुडे. बायको म्हणते मधल्या वेळेत तरी माणसासारखा बोल.

बंदिश सुरू केली, भूपातली, तीनतालात, खालीपासून उठते म्हणजे नवव्या मात्रेपासून. भजनी ठेका आठ मात्रांचा, तो रक्तात आहे, त्यामुळे सोळाच्या मध्यावर मला समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, आल्यासारखं वाटतं आणि मी थांबतो. बाई हाताने खाली दाखवत राहतात. हे हळूहळू सुटेल.

१ ऑगस्ट

मासेमारी बंदी काल संपली, बंदरात आज सगळी धावपळ, वर्गाला जाताना बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती.

आज बाळाशी बोललो. पट्टीबद्दल, सरळ. दोन महिने मी समजत होतो की हा सगळा बुवांच्या मानाचा प्रश्न आहे. तसा आहे. पण बाळा चहा पिताना हळूच म्हणाला की बुवांचं सोड, माझी बोटं काळी तीनवर बसलीयेत, बारा वर्षं तेच वाजवतोय, काळी दोनवरून गजर वाजव म्हटलं तर माझी फजिती होईल आणि ती पाहुण्यांसमोर होईल.

घ्या. इतकी वर्षं अख्खं मंडळ ज्या पट्टीत घसा फोडतंय ती पट्टी एका माणसाच्या बोटांत अडकलेली. त्याला दोष नाही देत, पेटीवर पट्टी बदलली की सगळी बोटं बदलतात, काळ्या-पांढऱ्यांचा सगळा नकाशाच वेगळा होतो.

८ ऑगस्ट

नारळी पौर्णिमा, वर्गाला सुट्टी. मालवणात आज कोण शिकवणार आणि कोण शिकणार. धक्क्यावर सोन्याचा नारळ समुद्राला वाहिला, बाजारात नारळ लढवायच्या स्पर्धा. माझा एकही नारळ टिकला नाही.

१२ ऑगस्ट

उपाय मिळाला!! बाईंकडेच होता.

वर्गात एक स्केल चेंजर पेटी आहे. साध्या पेटीत पट्ट्या आणि खालचे सूर यांची जोडी कायमची बांधलेली. स्केल चेंजरमध्ये वरचा पट्ट्यांचा सगळा सांगाडाच उचलून डावी-उजवीकडे सरकवता येतो. म्हणजे बोटं काळी तीनवरच ठेवायची, आणि सांगाडा तीन घरं खाली सरकवला की वाजणार काळी दोन. बाळाला काहीच बदलायचं नाही.

काळी दोन का, काळी एक का नाही? मी एकटा असतो तर काळी एक. पण मंडळात उंच आवाजाचे दोघे-तिघे आहेत, त्यांना काळी एकला गजराची मजा येणार नाही, आणि बुवांचा आवाज अजूनही वर खणखणीत लागतो. काळी दोनला तार गंधार माझ्या हिशोबात तीव्र मध्यम येतो. ढकलावं लागेल पण फाटणार नाही. बाईंसमोर बसून गजर त्या पट्टीत गाऊन बघितला, त्यांनी दोन जागा दाखवल्या जिथे "आ" ऐवजी तोंड थोडं "ओ" कडे गोल केलं तर वरचा सूर कमी जोरात निघतो. निघाला.

बाईंनी पेटी द्यायची तयारी दाखवली, अट एकच, पावसात भिजली तर नवी घेऊन द्यायची. स्केल चेंजर जड असते आणि आतली यंत्रणा नाजूक, दमट हवेत पट्ट्या फुगून अडकतात. प्लॅस्टिकची पिशवी, वर गोणपाट, वर ताडपत्री.

२० ऑगस्ट

दाजींना कटात घ्यावं लागलं. पखवाज पण सुरात लावलेला असतो ना, पेटी खाली आणली आणि पखवाज काळी तीनला राहिला तर पहिल्या थापेला भांडं फुटणार. घाबरत घाबरत सांगितलं. दाजी खूशच झाले. श्रावणात चामडं ओल धरतं, सैल पडतं, काळी तीनला चढवायचं म्हणजे दर घरी लाकडी गट्ठे ठोका, चुलीजवळ नेऊन शेकवा, आणि पुढच्या घरी पोचेपर्यंत परत उतरलेलं. काळी दोन म्हणजे त्यांचं निम्मं काम कमी. "आधी खय होतंस तू?" म्हणाले.

बुवांना कोणी सांगायचं हा विषय निघाला आणि तिघांनीही चहाचे कप उचलले.

२६ ऑगस्ट

चाकरमानी पोचले. वाडीत गाड्यांना जागा नाही. तास झाला, बाईंनी नवीन काही घेतलं नाही, नुसता खर्ज आणि शेवटी सूचना: कुजबुजून बोलायचं नाही, कुजबुजताना घशाला ताण जास्तच पडतो. सारखं खाकरायचं नाही, घोट घेऊन गिळायचं. दोन घरांच्या मधे गप्प. उसळ-पाव खा, चिवडा शेवटच्या घरी. आणि झांजवाल्यांच्या मधे बसू नका.

बसायची जागा बदलून घेतली. मी पेटीच्या डाव्या अंगाला, झांजा मागच्या रांगेत. गर्दी जास्त असते म्हणून, असं कारण सांगितलं.

२७ ऑगस्ट, चतुर्थी, रात्री उशिरा

सुरुवात झाली. बाळाने पेटी उघडली, बुवांनी चष्म्यातून बोटांकडे बघितलं. बोटं काळी तीनवर. बुवांनी मान डोलावली आणि उचललं.

मी श्वास रोखून होतो. काही झालं नाही.

२९ ऑगस्ट

गेल्या वर्षी आज गेला होता. आज आहे. थोडा जड, सकाळी स्ट्रॉ केल्यावर मोकळा झाला. एका घरी मुंबईच्या पोरांनी साऊंड सिस्टीम लावून ठेवलेली, त्यावर माईक, ते बरं पडलं, जोर लावावाच लागला नाही. पुढच्या घरी पत्र्याच्या पडवीत पावसाचा आवाज इतका की बाळाची पेटी मलाच ऐकू येईना, तिथे कानावर हात.

पोरं मागून चांगली साथ देतायत यंदा. गेल्या वर्षी गजराला अर्धी पोरं नुसती तोंड हलवायची, आता सगळी वरच्या सुरापर्यंत पोचतायत. बुवा मधेच थांबून म्हणाले, यंदा पोरांचो आवाज बरो लागता. दाजींनी पखवाजाकडे बघितलं. बाळाने पेटीकडे.

३१ ऑगस्ट

गौरी आल्या. पाचवी रात्र. एका घरी पेटीची एक पट्टी खाली बसली ती वर येईना, दमटपणा. बाळाने तो स्वर टाळून अख्खा अभंग वाजवला, कोणाच्या लक्षात आलं नाही. नंतर इस्त्रीच्या गरम कपड्यात गुंडाळून ठेवली, सकाळी सुटली.

२ सप्टेंबर

विसर्जन झालं. ओहोळापर्यंत गजर करत गेलो, भर पावसात. पेटी अर्थात घरीच, नुसता पखवाज आणि झांजा.

आवाज आहे. बसका आहे, पण आहे. बायकोला हाक मारली, तिने ओळखली.

५ सप्टेंबर

पेटी परत द्यायची म्हणून बाळाकडून घ्यायला गेलो तर बुवा तिथेच बसलेले, ओटीवर. मी सांगाडा परत जागेवर सरकवायला लागलो, बाईंना जशी घेतली तशी द्यावी म्हणून.

"चावी हलवलंस ता माका पयल्याच रातीक कळला. कान अजून शाबूत आसत माझे."

मी, बाळा दोघेही गप्प. मग त्यांनी विचारलं असली पेटी केवढ्याला मिळते. सांगितलं. बराच वेळ पानाला चुना लावत बसले. मग म्हणाले डबलबारीला, म्हणजे दोन मंडळांच्या सामन्याला, काळी तीनच, तिथे समोरची पार्टी बघते, पण घरोघरी फिरायला ही बरी, आणि मंडळाच्या पुढच्या मीटिंगला विषय घ्यायचा. मी सांगाड्याला परत हात लावला तर म्हणाले, "ऱ्हवांदे थयच. बाईकडे जावन सांग, अजून महिनोभर व्हयी म्हणान. भाडा देवया."

९ सप्टेंबर, मंगळवार

तास पुन्हा सुरू. बाईंनी भाडं घ्यायला नकार दिला, पेटी दसऱ्यापर्यंत ठेवा म्हणाल्या, पट्टी अडकली होती ती दुरुस्त करून आणायची मात्र.

गांधर्व महाविद्यालयाच्या प्रारंभिक परीक्षेचा फॉर्म पुढे केला, नोव्हेंबर-डिसेंबरचं सत्र. माझ्याबरोबर परीक्षेला ती दुर्गावाली आठ वर्षांची मुलगी असणार आहे. फॉर्म भरला. भूपाची बंदिश अजूनही नवव्या मात्रेवर अडखळते, ती आधी. बाळानेही विचारलंय शुक्रवारचा तास मिळेल का, त्याला डोळे मिटून तो गंधार ऐकायचाय.